बारीक आवाजात फाटतो

२० मार्च २००३

शिमग्याच्या पोळ्या अजून पचल्या नाहीत तोच दत्ताराम दारात उभा. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं माझंच मशीन. गेल्या दिवाळीत त्याला बांधून दिलेला नवा अँप्लिफायर.

दत्ताराम पोलादपूरच्या वरच्या अंगाला आडाचा कोंड म्हणून गाव आहे, तिथला लाउडस्पीकरवाला. पूजा, लग्न, बारसं, निवडणूक, सगळीकडे याचे कर्णे आणि कर्ण्यांमागे माझी ‘गांधारी’. आपल्या नदीचं नाव दिलंय मी मशीनला. शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हापासून बांधतो आहे. एकही परत आलं नव्हतं.

“मास्तर, आवाज फाटतोय.”

“मोठा करत असशील ताकदीबाहेर.”

“मोठा केला तं नाय फाटत. बारीक ठेवला की फाटतो. बुवा भजनात हळू गाया लागला की नुस्ता खर्र खर्र.”

आता याला काय बोलायचं? आवाज फाटतो तो मोठा केल्यावर. बारीक आवाजात फाटतो म्हणजे बैल उतारावर दमला म्हणण्यातला प्रकार. उचलली जीभ लावली टाळ्याला. तरी त्याच्यासमोर मशीन लावलं, भजनाची कॅसेट बारीक ठेवली आणि कर्ण्याला कान लावून ऐकलं. धुतल्यासारखा स्वच्छ आवाज. “कुठे आहे खरखर?” म्हणून विचारलं तर दत्ताराम खाली बघायला लागला. आमची ही, कालिंदी, चहा घेऊन आली होती, तीही कप ठेवून आत वळली. गाढवाला गुळाची चव काय!

जाताना म्हणाला, “चैत्र पुनवेला काळकाईची जत्रा हाय. तवर बघा काय त्या. नायतर पुतन्या मुंबैवरनं तयार मशीन आनतोय.” पुतण्या म्हणजे रितेश. मुंबईत कुठल्यातरी डीजेकडे वायरी उचलतो.

हे साधं नाही. वरंधपासून दासगावपर्यंतचे सगळे लाउडस्पीकरवाले दत्तारामकडे बघून मशीन घेतात. त्याने जत्रेत गांधारी खाली ठेवली की माझं नाव संपलं. आणि या वयात दुसरं काही कमावून ठेवलेलं नाही मी. नाव तेवढं आहे.

माझं मशीन मीटरवर जुळत नाही, कानावर जुळतं, हे सगळा तालुका जाणतो. बांधून झालं की शेवटी आत एक बारका स्क्रू असतो. भजन अगदी बारीक लावायचं, कान कर्ण्याला, स्क्रू हळूहळू फिरवत जायचं. सुरुवातीला खरखर असते, ती कमी होत होत संपते. संपली की तिथेच थांबायचं, पुढे गेलं तर ट्रान्झिस्टर तापून मरतात. इतकं नाजूक काम. आणि त्या कामाला हा माणूस नावं ठेवणार.

मुलाने, श्रेयसने, पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणून टाकला आहे, तो पडून आहे. मशीनमधला दोष त्यावर मोजता येतो म्हणतात. ज्यांना कान नाहीत त्यांना आलेख दाखवायचा. प्रयोगाची नोंद हवी म्हणून ही वही उघडली आणि पहिल्याच दिवशी हे रडगाणं लिहून बसलो.

२२ मार्च

कॉम्प्युटर ही वस्तू मला मनापासून आवडत नाही. आतून भाजलेल्या धुळीचा वास येतो, बोर्डाच्या फटींत श्रेयसने खाल्लेल्या बिस्किटांचा चुरा आहे. शी!

पद्धत मात्र चांगली आहे. कॉम्प्युटर एक शुद्ध सूर काढतो. तो वायरीने मशीनमध्ये जातो, मोठा होऊन परत कॉम्प्युटरमध्ये येतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. सूर शुद्ध असेल तर एकच उंच खांब. त्याच्या शेजारी जे बुटके खांब आणि गवत उगवेल ती मशीनने केलेली घाण. तिचा टक्का कॉम्प्युटर स्वतःच काढून देतो. कर्ण्याऐवजी हीटरची कॉइल बादलीभर पाण्यात बुडवून जोडली, म्हणजे घर दणाणत नाही.

पहिला आकडा आला: एकोणीस टक्के! एकोणीस टक्के घाण असेल तर माणसाचं बोलणंसुद्धा कळणार नाही. आवाज कमी केला तरी तेवढेच, वाढवला तरी तेवढेच. अशा यंत्रावर जग चाललं आहे म्हणे.

संध्याकाळी वैतागून परसात जाऊन बसलो. एके काळी या वेळेला रातकिड्यांनी परस नुसतं उचलून धरलेलं असायचं. आता चिडीचूप. या रासायनिक कारखान्यांनी नदी तर नासवलीच, किडेसुद्धा मारले. गेल्या वर्षी वाचनालयात मी यावर भाषण केलं होतं. समोरची मंडळी माझ्या तोंडाकडे बघत बसली. कुणाला काही पडलेलीच नाही.

२३ मार्च

वर्ल्ड कपची फायनल. हरलो. शेजारचे म्हणाले, त्यांनी स्वतःचा टीव्ही लावलाच नाही, आमच्याच आवाजावर सामना ऐकला. फुकटे कुठले!

२५ मार्च

श्रेयसला फोन केला. हा मुलगा लहानपणी खणखणीत बोलायचा, पुण्यात नोकरीला लागल्यापासून तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. शेवटी कालिंदीने रिसीव्हर घेतला आणि तो सांगेल ते मला सांगत गेली. ती सांगते तेव्हा ओरडून सांगते. घरात माणसं बोलतात कशी हेच मला कळेनासं झालं आहे. एक पुटपुटतो, एक किंचाळते.

चूक एवढीच की मी वायर कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी भोकात घातली होती. ते माईकचं. मुंगीने ढेकर दिली तरी हत्ती समजणारं भोक, त्यात मी सबंध मशीन ओतलं. निळ्यात घातल्यावर आकडा धडाधड खाली आला. भोकं एका मापाची करून वर रंगांचे टिकले लावायचे, याला अक्कल म्हणतात का? गुलाबी भोक उघडं राहून धूळ जाऊ नये म्हणून श्रेयसने दिलेला बोलायचा माईक त्यात लावून टाकला. आता बरं दिसतं.

२९ मार्च

नवं लचांड. आलेखाच्या डाव्या बाजूला खांबांची रांगच्या रांग. सेकंदाला पन्नास, शंभर, दीडशे कंपनांची. ही विजेची गुणगुण. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. म्हणजे घराचं अर्थिंग गेलेलं.

वायरमनला बोलावलं तर तो उद्या येतो म्हणाला, म्हणजे येणार नाही. मीच मागच्या भिंतीशी जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. आत ठणठणीत कोरडी राख.

कालिंदी म्हणाली, “तुम्ही पाणी तोडलंत ना संक्रांतीनंतर, म्हणून.”

झालं असं होतं की तिच्या धुण्याचं पाणी दगडावरून वाहत त्या खड्ड्यावर जायचं. तिथे शेवाळ माजलं होतं, पाय सटकायचा, किळस यायची. मी कडाकडा बोललो आणि पन्हळ लावून पाणी केळीकडे वळवलं होतं. आता काय, खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. तासाभरात मुंग्या थांबल्या, आलेखावरची रांगही झोपली. साबणाचं पाणी पुन्हा तिकडे सोडावं लागलं. शेवाळाचा तो बुळबुळीत वास परत येणार. विज्ञानाची सेवा म्हणजे ही!

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली आणि मशीनला बसलो. पूर्ण आवाजावर मोजलं. उंच एकच खांब, बाजूला नावाला चार काड्या. पाव टक्कासुद्धा नाही. मुंबईच्या दुकानातलं मशीन आणून ठेवा शेजारी आणि काढा एवढा आकडा!

श्रीखंड वाढताना कालिंदी म्हणाली, “पण दत्ताराम बारीक आवाजाचं म्हणत होता. बारीक ठेवून मोजा ना.”

सणाच्या दिवशी डोक्यावर मिरे वाटले बाईने. मी म्हटलं, वर्ग पास झालेल्या मुलाला पुन्हा बालवाडीत बसवतात का? ती काहीतरी म्हणाली. काय ते विचारलं तर “काही नाही” म्हणाली. हल्ली हिचं अर्धं बोलणं “काही नाही”च असतं. जेवण कडू झालं.

४ एप्रिल

कालिंदीचं तोंड बंद करायचं म्हणून संध्याकाळी बारीक आवाजावर मोजलं. एका कागदाच्या तुकड्यावर आकडा लिहून तिच्यापुढे टाकणार होतो.

पडद्यावर रान माजलेलं. मधल्या खांबाच्या उजवीकडे, म्हणजे वरच्या पट्टीत, दूरपर्यंत खांबच खांब, आणि त्या सगळ्यांत एक जाड, थरथरणारा, सहा हजारांच्या आसपास. बाकीचे निदान मूळ सुराच्या पटीत बसतात. हा कशाच्याच पटीत नाही. आणि हलतो! जागच्या जागी फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. मशीनमधला दोष असा हलत नाही.

मला घाम फुटला हे इथे लिहायला हरकत नाही.

७ एप्रिल

तो थरथरणारा खांब शोधण्यात सगळा वेळ चालला आहे. कपॅसिटर बदलले. तारा बदलल्या. ट्यूबलाइट बंद केल्या, पंखा बंद केला, कालिंदीला फ्रिज बंद करायला लावला, दूध नासलं. खांब आहे तिथे आहे. दुपारी मोजलं तर नसतो. दिवस कलला की येऊन बसतो. कारखान्यांची पाळी बदलताना विजेत काहीतरी सोडत असतील असं वाटलं.

आज शेवटी मशीनच काढून टाकलं. कॉम्प्युटरचा सूर सरळ वायरीने कॉम्प्युटरच्याच निळ्या भोकात. मध्ये काही नाही. तरी खांब हजर!

म्हणजे माझ्या मशीनचा काही संबंधच नाही. चोर कॉम्प्युटर आणि बोंब गांधारीच्या नावाने. ज्या आरशावरच डाग आहे त्यात बघून मी माझं तोंड घासत बसलो होतो. एक खांब खोटा म्हणजे ते रानही खोटंच. पोलादपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या कंडक्टरकडे दत्तारामला निरोप दिला: मशीन निर्दोष आहे, येऊन घेऊन जा.

इतक्या दिवसांनी पोटभर जेवलो. पण या कॉम्प्युटरची आता शिसारी आली आहे. श्रेयसला सांगणार आहे, तुझी ब्याद घेऊन जा.

९ एप्रिल

संध्याकाळी श्रेयसला दाखवायला म्हणून तो खांब पुन्हा पडद्यावर आणून ठेवला होता. कालिंदी दिवा लावून आली, मागे उभी राहून बघत होती. मी म्हटलं, “बघ. हा. याचं मूळ कुणाला सापडायचं नाही.”

खांब फुगत होता, बसत होता. मग ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “अहो, हे रातकिडे आहेत.”

“काय?”

“रातकिडे. ओरडतायत ना बाहेर. या माईकमधून आत जात असतील.” आणि तिने त्या माईकवर तळहात ठेवला. धूळ जाऊ नये म्हणून मी लावलेला माईक. खांब बसला. हात काढला, खांब उभा. पुन्हा ठेवला, पुन्हा बसला.

मी म्हटलं, आपल्याकडे रातकिडे आहेत कुठे? कधीच मेले ते.

मी उठून परसात गेलो. केळीपाशी उभा राहिलो. एक बस गेली हायवेवरून, ती ऐकू आली. लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं, तेही आलं. बाकी काही नाही. कालिंदी मागून येऊन उभी राहिली होती. तिला विचारलं, “आत्ता चालू आहेत?”

“केवढा गोंगाट आहे,” ती म्हणाली.

१० एप्रिल

आज काही लिहायचं नाही.

११ एप्रिल

लिहायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी कालिंदीला समोर बसवलं. कॉम्प्युटरवर एकच सूर लावून तो चढवत नेला. ऐकू यायचा थांबला की हात वर करायचा असं ठरवलं. मी पहिला हात केला तेव्हा आकडा तीन हजाराच्या जरा पुढे होता. ती बसून राहिली. चार, पाच, सहा, सात. मला वाटलं उगाच बसली आहे, मला हरवायला. मग पडद्याकडे पाहिलं, खांब उभाच होता. बाराच्या पुढे गेल्यावर तिने हात वर केला. तोपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो आणि तिच्या एकटीच्या कानात ते वाजत होतं.

मग माईक उपटून फेकला आणि गांधारी पुन्हा जोडली. बारीक आवाजावर मोजलं. थरथरणारा खांब गेला. रान होतं तसंच राहिलं. पाच टक्के.

दत्ताराम अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. आत ट्रान्झिस्टरच्या जोड्या असतात, एक लाट वर उचलतो, दुसरा खाली ओढतो. त्या स्क्रूने दोघांना थोडं जागं ठेवायचं असतं. जागे नसले तर एकाकडून दुसऱ्याकडे लाट जाताना मध्ये ठेच लागते. मोठ्या आवाजात ती ठेच बुडून जाते, बारीक आवाजात ठेचच उरते. बैल उतारावर दमत नाही, पण उतारावर अडखळतो. हे मी पोरांना फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. आणि ती खरखर असते सगळी वरच्या पट्टीत, जिथे माझे कान मेलेत. मी स्क्रू फिरवत होतो, खरखर संपली म्हणून थांबत होतो. ती संपलेली नव्हती. माझ्यापुरती संपली होती.

आणि कान एका रात्रीत जात नाहीत. म्हणजे मागचं मशीन, त्याच्या मागचं, त्याच्या मागचं. देवळांत, शाळांत, मशिदीतसुद्धा एक आहे. सगळीकडे माझ्या नावाची पट्टी लावून खरखर वाजते आहे आणि लोक ऐकून घेतायत. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं.

मला माझीच किळस आली. वाचनालयातलं भाषण आठवून तर जमिनीत तोंड खुपसावंसं वाटलं. समोर बसलेले सगळे रोज संध्याकाळी रातकिडे ऐकत होते. एकानेही सांगितलं नाही.

पडद्याकडे बघत स्क्रू फिरवला. दूरचे खांब एकेक करून बसत गेले. हाताने पत्रा चाचपला, कोमट होता, तापत नव्हता. डोळ्यांनी जुळवलेलं हे माझं पहिलं मशीन. चांगलं जुळलं आहे. त्याचा आनंद मात्र झाला नाही.

१४ एप्रिल

दत्ताराम येऊन मशीन घेऊन गेला. मी काय म्हणालो? म्हणालो, “बघितलंय, घेऊन जा.” एवढंच. खरं ओठावर होतं, गिळलं. पुतण्याचं मशीनही आलं आहे म्हणाला, जत्रेत दोन्ही ठेवीन.

तो गेल्यावर कालिंदी म्हणाली, “सांगायचं होतंत त्याला.”

“काय सांगू? मास्तर बहिरा झाला, याच्याकडून काही घेऊ नका, हे?”

“मग परवा तिथे काय कराल?”

तेच तर आहे. त्यांच्या जत्रेत एक रीत पडून गेली आहे. पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसली की गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, माईकवर. त्याआधी दत्ताराम मशीन लावतो, मी खाली पारापाशी उभा राहून ऐकतो. ठीक वाटलं की हात वर करतो. मग गाऱ्हाणं सुरू. पहिलं मशीन दिलं त्या वर्षी सहज हात केला होता, तो कायमचा झाला. सगळं गाव त्या हाताकडे बघत असतं. मला त्याचा काय अभिमान होता! या वर्षी त्या हाताला काय अर्थ आहे? जाऊच नये असं वाटतं. पोट बिघडलं म्हणून सांगावं.

कालिंदीने पातळ इस्त्री करून ठेवलं आहे. ती जाणारच म्हणते.

१६ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

आत्ताच घरी पोचलो. अंगावर अजून गुलाल आहे.

गेलो. न जाणं जमलं नाही. पोलादपूरहून वर जीपमध्ये माणसं कोंबली होती, माझ्या मांडीवर कुणाचातरी कोंबडा. उन्हाने, घामाने, नारळाच्या पाण्याने सगळं चिकट. वर पोचलो तर रितेश गॉगल लावून उभा. “अंकल, अपना सिस्टम बघा, फुल बेस हाय!” त्याच्या मशीनवर लाल-निळे दिवे पळत होते. एक हाणावीशी वाटली.

पालखी सहाणेवर बसली. मी पारापाशी जाऊन उभा राहिलो, कालिंदी शेजारी. दत्तारामने दोन्ही मशीनं शेजारी शेजारी ठेवली होती आणि त्यांवर एक गोणपाट टाकलं होतं. वरून त्याने मोठ्याने सांगितलं, “मास्तर, दोनी लावून दावतो. कुठली ती बगायची नाय. तुमी हात कराल ती गाऱ्हान्याला.”

हा त्याने मला वाचवायला केलेला डाव होता की बुडवायला, ते मला अजून कळलेलं नाही.

भजन बारीक लावलं. मग गोणपाटाखाली हात घालून काहीतरी बदललं, पुन्हा तेच भजन. मी कान देऊन उभा. दोन्ही सारखी. पुन्हा लावली, पुन्हा सारखी. माणसं माझ्याकडे बघत होती. रितेश हसत होता. एका मशीनला हात करायचा, बस. आंधळ्याने दगड मारायचा, निम्मी संधी आहेच. हात उचललासुद्धा होता खांद्यापर्यंत.

मग मला त्या सगळ्याचाच वीट आला. हात खाली घेतला आणि म्हणालो, “दत्ताराम, मला ऐकू येत नाही. तुझं मशीन खरंच फाटत होतं. माझ्या कानांमुळे. या आधीचीही फाटत असणार.”

मला वाटलं मी त्याला ऐकू जाईल एवढंच बोललो. कालिंदी म्हणते, सगळ्या जत्रेने ऐकलं.

ढोल थांबले. दत्ताराम सहाणेवरून उतरून माझ्याकडे चालत आला. आता काय बोलतो कोण जाणे म्हणून मी पाय घट्ट रोवून उभा. त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

“ठाव हाय मास्तर. दोन वर्सं झाली.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी बोलनार? तुमाला? मशीन परत आनली, त्या बोलन्यापरीस काय कमी हाय?” मग तो सहाणेकडे बघून म्हणाला, “आता हात करा. गुरव खोळंबलाय.”

“अरे, पण मला कळत नाही म्हणून सांगतोय ना!”

“कान कोन मागतंय? हात करा. तुमी हात केल्याबिगर गाऱ्हाना कदी झालाय का?”

म्हणजे एवढी वर्षं मी कानाच्या गुर्मीत उभा असायचो आणि यांना लागत होता फक्त हात. नारळ फोडायला जसा एक ठरलेला दगड लागतो तसा. संताप आला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हसूही आलं. माणसं उन्हात ताटकळली होती. एक म्हातारी वैतागून म्हणाली, “करा रं बाबा येकदाचा!” हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

मी हात वर केला.

दत्ताराम धावत वर गेला, गोणपाटाखाली हात घातला. गुरवाने हळू आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. “व्हय म्हाराजा” म्हणून सगळे ओरडले. आवाज मला स्वच्छ आला, पण माझ्या स्वच्छ येण्याला आता किंमत नाही.

कालिंदीला विचारलं, “कुठलं लागलंय?”

तिने मान तिरकी करून ऐकलं. गुरवाचं एक अख्खं मागणं संपेपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे वळून, ओठ दिसतील असं म्हणाली, “आपलं.”

सहाण दहा पावलांवर होती. जाऊन गोणपाट उचललं असतं तर कुठल्या मशीनचा दिवा लागलाय ते दिसलं असतं. मी तिच्याशेजारीच उभा राहिलो.